पशुधन पर्यवेक्षकांची पदोन्नती

पशुधन पर्यवेक्षक हे महाराष्ट्रातील ग्रामीण पशुवैद्यकीय सेवेतील पदविकाधारक कर्मचाऱ्याचे पद आहे. या पदावरून वरिष्ठ पदावर जाण्याची प्रक्रिया, तिच्या अटी, तिची पूर्वतयारी आणि तिच्या कायदेशीर मर्यादा यांचा विचार या लेखात केला आहे. अमरावती आणि अकोला या वऱ्हाडातील जिल्ह्यांचे संदर्भ उदाहरणादाखल घेतले आहेत.

ब्रिटनसारख्या देशांत या स्वरूपाचे काम करणाऱ्यास 'पशुवैद्यकीय परिचारिका' किंवा 'परिचारक' म्हणतात. तेथे १९६१ साली अशा साहाय्यकांच्या प्रशिक्षणाची आणि नोंदणीची योजना सुरू झाली. खाजगी चिकित्सालयातील मुख्य परिचारिकेचे पद तेथे बहुधा अंतर्गत मुलाखतीतून भरले जाते. महाराष्ट्रात हेच काम प्रामुख्याने शासन व जिल्हा परिषद यांच्या सेवेत होते आणि पदोन्नतीचा निर्णय मुख्यतः अभिलेखांवरून घेतला जातो. समितीपुढे कर्मचाऱ्याची सेवा कागदपत्रांच्या रूपानेच उभी राहते. त्यामुळे येथे पदोन्नतीची तयारी ही काही दिवसांची नसते, ती संपूर्ण सेवाकाळभर चालते.

पदाचे स्वरूप

ग्रामीण भागातील पशुवैद्यकीय दवाखान्यांच्या दोन श्रेणी परंपरेने मानल्या जातात. श्रेणी-१ च्या दवाखान्याचा प्रमुख पशुवैद्यक पदवीधर म्हणजे पशुधन विकास अधिकारी असतो. श्रेणी-२ च्या दवाखान्याचे दैनंदिन काम सहायक पशुधन विकास अधिकारी किंवा पशुधन पर्यवेक्षक पाहतो. त्यांच्या हाताखाली व्रणोपचारक व परिचर ही पदे असतात. व्रणोपचारक जखमांची मलमपट्टी करतो, तर परिचर जनावर आवरणे, साहित्य उकळणे व दवाखान्याची स्वच्छता ही कामे पाहतो. ही मनुष्यबळाची उतरंड कागदावर सुबक दिसते. प्रत्यक्षात अनेक ठिकाणी एकाच व्यक्तीला यांपैकी दोन-तीन कामे करावी लागतात.

पशुधन पर्यवेक्षकाच्या कामात लसीकरण, खच्चीकरण, मलमपट्टी, प्रथमोपचार, कृत्रिम रेतन, गर्भतपासणी, कानातील बिल्ल्यांची नोंद, पशुगणना आणि शासकीय योजनांचा प्रसार यांचा समावेश होतो. घटसर्प, फऱ्या, आंत्रविषार आणि लाळ्या खुरकूत या रोगांवरील लसीकरणाचे वेळापत्रक त्याला सांभाळावे लागते. सप्टेंबर २०१९ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय पशुरोग नियंत्रण कार्यक्रमात लाळ्या खुरकूत आणि सांसर्गिक गर्भपात या दोन रोगांवर भर आहे. सांसर्गिक गर्भपाताची लस चार ते आठ महिने वयाच्या मादी वासरांनाच दिली जाते, त्यामुळे गावातील वासरांची वयवार माहिती ठेवणे आवश्यक ठरते.

कायदेशीर चौकट

या संवर्गाच्या पदोन्नतीचा प्रश्न समजण्यासाठी भारतीय पशुवैद्यक परिषद अधिनियम, १९८४ मधील कलम ३० लक्षात घ्यावे लागते. या कलमानुसार नोंदणीकृत पशुवैद्यकाखेरीज अन्य कोणासही पशुवैद्यकीय व्यवसाय करता येत नाही. मात्र त्यास एक परंतुक आहे. पशुसंवर्धन संचालनालयाची किंवा पशुवैद्यकीय संस्थेची पदविका अथवा प्रमाणपत्र धारण करणाऱ्या व्यक्तीस राज्य शासन आदेशाद्वारे किरकोळ पशुवैद्यकीय सेवा देण्याची परवानगी देऊ शकते. ही सेवा नोंदणीकृत पशुवैद्यकाच्या देखरेखीखाली व निर्देशाप्रमाणेच द्यावयाची असते. लसीकरण, खच्चीकरण व जखमांची मलमपट्टी यांचा उल्लेख कायद्यातच आहे. त्यांखेरीज कोणते प्राथमिक उपचार या व्याख्येत बसतात, हे राज्य शासन अधिसूचनेद्वारे ठरवते. राज्यातील पशुवैद्यकांची नोंदणी महाराष्ट्र राज्य पशुवैद्यक परिषद, नागपूर ही संस्था करते.

या तरतुदीचे दोन परिणाम होतात. पहिला असा, की पदविकाधारकाचा अनुभव कितीही वर्षांचा असला तरी त्या बळावर त्याला पशुवैद्यक म्हणून नोंदणी मिळत नाही. नोंदणीसाठी मान्यताप्राप्त पदवीच लागते. दुसरा परिणाम असा, की पदोन्नतीच्या वाटेवर एक ठराविक टप्पा येतो आणि त्यापुढील पायरी ज्येष्ठतेने चढता येत नाही.

वऱ्हाडातील पार्श्वभूमी

अमरावती महसूल विभागात अमरावती, अकोला, बुलढाणा, वाशिम व यवतमाळ हे पाच जिल्हे येतात. वाशिम जिल्हा १ जुलै १९९८ रोजी अकोला जिल्ह्यातून वेगळा झाला. जिल्हा विभाजन झाले की कर्मचाऱ्यांची विभागणी होते आणि ज्येष्ठता यादीही नव्याने करावी लागते.

पशुवैद्यकीय शिक्षणाच्या दृष्टीने अकोल्याला विशेष स्थान आहे. डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाची स्थापना १९६९ साली अकोला येथे झाली. २००० साली नागपूर येथे महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठ स्थापन झाल्यावर अकोल्याची स्नातकोत्तर पशुवैद्यक व पशुविज्ञान संस्था त्या विद्यापीठाकडे आली. महाराष्ट्र पशुधन विकास मंडळाचे मुख्यालयही दीर्घकाळ अकोल्यात होते.

या प्रदेशातील कामाचे स्वरूप तालुक्यागणिक बदलते. पूर्णा नदीच्या खोऱ्यातील खारपाणपट्ट्यात भुरकट रंगाची पूर्णाथडी म्हैस आढळते. अचलपूर परिसराच्या नावावरून नागपुरी म्हशीच्या एका उपप्रकारास एलिचपुरी म्हटले जाते. धारणी व चिखलदरा हे मेळघाटातील तालुके डोंगराळ असून तेथे जनावरे बहुधा मोकाट चरतात. अशा ठिकाणी लसीकरणासाठी जनावरे एकत्र आणणे हेच निम्मे काम असते. वाघाने जनावर मारल्यास भरपाईच्या पंचनाम्याचा प्रश्नही येथे वारंवार येतो. २०२२ साली लम्पी चर्मरोगाची साथ आली, तेव्हा वऱ्हाडातील जिल्ह्यांना तिची मोठी झळ बसली. त्या काळात शेळ्यांच्या देवी रोगावरील लस गोवंशाला देण्याची मोहीम गावोगाव राबवली गेली. या मोहिमेचा मोठा भार पशुधन पर्यवेक्षकांनी उचलला.

पदोन्नतीची प्रक्रिया

जिल्हा परिषदेतील पशुधन पर्यवेक्षक हा वर्ग-३ चा कर्मचारी असून मुख्य कार्यकारी अधिकारी हे त्याचे नियुक्ती प्राधिकारी असतात. या सेवेस महाराष्ट्र जिल्हा परिषदा व पंचायत समित्या अधिनियम, १९६१ आणि त्याखालील जिल्हा सेवा (प्रवेश) नियम, १९६७ लागू होतात. पशुधन पर्यवेक्षकाची पुढची पायरी म्हणजे सहायक पशुधन विकास अधिकारी.

प्रक्रियेची सुरुवात ज्येष्ठता यादीपासून होते. १ जानेवारी रोजीच्या स्थितीवर आधारलेली तात्पुरती यादी प्रसिद्ध केली जाते. तिच्यावर हरकती मागवल्या जातात व त्यांच्या निर्णयानंतर यादी अंतिम होते. अनेक कर्मचारी ही यादी केवळ आपला क्रमांक पाहून बाजूला ठेवतात. नियुक्तीचा दिनांक, जन्मदिनांक, प्रवर्ग किंवा आंतरजिल्हा बदलीने आल्याचा दिनांक चुकीचा छापला गेला असेल आणि मुदतीत हरकत घेतली नाही, तर ती चूक पुढील प्रत्येक यादीत उतरत जाते. आंतरजिल्हा बदलीने आलेल्या कर्मचाऱ्याची पूर्वीच्या जिल्ह्यातील ज्येष्ठता सामान्यतः कायम राहत नाही, हेही येथे लक्षात ठेवावे लागते.

यादीनंतर विभागीय पदोन्नती समितीची बैठक होते. राज्य शासनाने पदोन्नतीच्या कार्यपद्धतीबाबत १ ऑगस्ट २०१९ रोजी एकत्रित शासन निर्णय काढला. निवडसूचीचे वर्ष १ सप्टेंबर ते ३१ ऑगस्ट असे धरले जाते. रिक्त पदांची संख्या, बिंदुनामावली, ज्येष्ठता, अर्हता, कार्यमूल्यमापन अहवाल, मत्ता व दायित्वाचे विवरण आणि विभागीय चौकशीची स्थिती या गोष्टी समितीपुढे ठेवल्या जातात.

निवड झाल्यावर अनेक जिल्हा परिषदांत पदस्थापनेसाठी समुपदेशन घेतले जाते. रिक्त ठिकाणांची यादी समोर असते आणि ज्येष्ठताक्रमाने एकेकास बोलावून ठिकाण निवडण्यास सांगितले जाते. संपूर्ण प्रक्रियेत कर्मचारी अधिकाऱ्यांसमोर प्रत्यक्ष उभा राहतो तो बहुधा याच वेळी. येथे विचारविनिमयास फार वेळ नसतो. कोणत्या दवाखान्यात किती गावे आहेत, इमारत आहे का, परिचराचे पद भरलेले आहे का, द्रवरूप नत्राचा पुरवठा नियमित होतो का, याची माहिती आधी मिळवलेली असेल तर निवड विचारपूर्वक होते. मिळालेली पदोन्नती नाकारल्यास काही काळासाठी निवडसूचीत नाव घेतले जात नाही.

कार्यमूल्यमापन अहवाल

पूर्वी 'गोपनीय अहवाल' या नावाने ओळखला जाणारा हा दस्तऐवज पदोन्नतीच्या निर्णयात सर्वांत महत्त्वाचा असतो. त्याचा कालावधी १ एप्रिल ते ३१ मार्च असा आहे. कर्मचारी प्रथम स्वयंमूल्यनिर्धारण लिहितो, त्यानंतर प्रतिवेदन अधिकारी आणि पुनर्विलोकन अधिकारी आपले अभिप्राय नोंदवतात.

स्वयंमूल्यनिर्धारणात 'नेमून दिलेली सर्व कामे केली' असे एक वाक्य लिहून भागवण्याची प्रवृत्ती सर्रास दिसते. असा अहवाल समितीला काहीच सांगत नाही. किती जनावरांचे लसीकरण उद्दिष्ट होते व किती झाले, कृत्रिम रेतनांपैकी किती जनावरांची गर्भतपासणी केली, त्यांपैकी किती गाभण निघाली, किती वासरे जन्मली, कोणती साथ कोणत्या गावात रोखली, याचे आकडे नोंदवहीशी जुळतील अशा रीतीने लिहिलेले असणे श्रेयस्कर ठरते. उद्दिष्ट अपुरे राहिले असल्यास त्याचे कारण लिहिणे हिताचे असते, कारण कारणाविना कमी आकडा हा केवळ कमी आकडाच राहतो.

देव दत्त विरुद्ध भारत सरकार या २००८ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने, वार्षिक अहवालातील प्रत्येक नोंद, ती चांगली असो वा प्रतिकूल, संबंधित कर्मचाऱ्यास कळवली पाहिजे असे सांगितले. नोंद कळल्यावर विहित मुदतीत अभिवेदन करता येते. काही वर्षांचे अहवाल लिहिलेच गेले नाहीत, असेही घडते. प्रतिवेदन अधिकारी निवृत्त झाल्यावर ते मिळवणे कठीण होते, म्हणून प्रत्येक वर्षाच्या अहवालाची प्रत वेळीच मिळवून ठेवणे इष्ट असते.

सेवापुस्तक व इतर कागदपत्रे

सेवापुस्तकात स्थायित्वाचा आदेश, विभागीय परीक्षा किंवा तिच्यातील सूट, मराठी व हिंदी भाषा परीक्षा किंवा त्यांतील सूट, संगणक अर्हता, पदविकेची पडताळणी आणि राखीव प्रवर्गातील कर्मचाऱ्यांच्या बाबतीत जात वैधता प्रमाणपत्र या नोंदी असणे आवश्यक असते. परीक्षा उत्तीर्ण होऊनही तिची नोंद सेवापुस्तकात नसेल, तर समितीच्या दृष्टीने ती परीक्षा झालेलीच नसते.

विभागीय चौकशी सुरू असल्यास समितीचा निष्कर्ष मोहोरबंद पाकिटात ठेवण्याची पद्धत आहे. ही पद्धत केव्हा लागू होते, याचे निकष सर्वोच्च न्यायालयाने के. व्ही. जानकीरामन प्रकरणात १९९१ साली स्पष्ट केले. केवळ तक्रार आली म्हणून पदोन्नती रोखता येत नाही, दोषारोपपत्र दिले गेलेले असावे लागते.

आरक्षणाचा प्रश्न

महाराष्ट्रात पदोन्नतीतील आरक्षणाचा विषय दीर्घकाळ न्यायप्रविष्ट राहिला. २५ मे २००४ च्या शासन निर्णयाने पदोन्नतीत आरक्षण लागू होते. मुंबई उच्च न्यायालयाने ४ ऑगस्ट २०१७ रोजी तो शासन निर्णय रद्द ठरवला. त्यानंतर ७ मे २०२१ च्या शासन निर्णयाने पदोन्नतीच्या कोट्यातील सर्व रिक्त पदे २५ मे २००४ रोजीच्या सेवाज्येष्ठतेनुसार भरण्याचे ठरले, ते सर्वोच्च न्यायालयातील प्रकरणाच्या अंतिम निर्णयाच्या अधीन राहून. या घडामोडींमुळे अनेक कर्मचाऱ्यांचे यादीतील स्थान बदलले.

मुलाखतीद्वारे होणारी पदोन्नती

सहकारी दूध संघ, सेवाभावी संस्था, कृत्रिम रेतन सेवा देणाऱ्या संस्था आणि शहरांतील खाजगी पाळीव प्राणी चिकित्सालये येथे मात्र अंतर्गत मुलाखत घेण्याची पद्धत आढळते. तांत्रिक कर्मचाऱ्यास केंद्रप्रमुख किंवा पर्यवेक्षक करताना व्यवस्थापन त्याच्याशी औपचारिक संवाद साधते.

अशा मुलाखतीत उमेदवाराचे हात किती कुशल आहेत, हे विचारण्याचे फारसे कारण नसते, कारण ते संस्थेला ठाऊक असते. दुसऱ्याच्या कामाची जबाबदारी तो घेऊ शकेल का, हा खरा प्रश्न असतो. त्यामुळे प्रश्नांचे स्वरूप साधारणपणे पुढील चार प्रकारचे असते.

पहिला प्रकार तांत्रिक व्यवस्थेचा. लस २ ते ८ अंश सेल्सिअस तापमानात ठेवावी लागते हे प्रत्येकास माहीत असते. अकोल्याच्या मे महिन्यात, पारा ४५ अंशांकडे झुकलेला असताना आणि वीज गेलेली असताना लसींचा साठा कसा सांभाळणार, हे विचारले जाते. गोठवलेल्या रेतमात्रा उणे १९६ अंश तापमानाच्या द्रवरूप नत्रात असतात. पात्रातील नत्राची पातळी कोण, केव्हा मोजतो व त्याची नोंद कोठे असते, हे सांगता यावे लागते.

दुसरा प्रकार मर्यादांच्या जाणिवेचा. रात्री शेतकऱ्याचा दूरध्वनी येतो, गाय अडली आहे किंवा म्हशीचे मायांग बाहेर आले आहे. अशा वेळी पदविकाधारकाने काय करावे आणि काय करू नये, याचे उत्तर कलम ३० च्या चौकटीत द्यावे लागते. जनावर स्थिर ठेवणे, बाहेर आलेला भाग स्वच्छ व ओला ठेवणे, पशुवैद्यकास तत्काळ कळवणे, १९६२ या क्रमांकावरून फिरत्या पशुवैद्यकीय पथकाची मदत मागणे, अशी क्रमवार मांडणी अपेक्षित असते. 'मी स्वतः करून टाकीन' हे उत्तर धाडसाचे वाटले तरी पर्यवेक्षकाच्या पदाला ते मारक ठरते.

तिसरा प्रकार नोंदींच्या सचोटीचा. हाताखालील कर्मचारी न केलेले रेतन नोंदवहीत दाखवत असेल तर काय करणार? गाय पुन्हा पुन्हा उलटत असल्याची शेतकऱ्याची तक्रार असेल, तर दोष माज ओळखण्यात आहे, वेळेत आहे, रेतमात्रेत आहे की जनावराच्या आजारात आहे, हे कसे शोधणार? सकाळी माजावर आलेल्या गाईचे रेतन त्याच दिवशी सायंकाळी आणि सायंकाळी माजावर आलेल्या गाईचे दुसऱ्या दिवशी सकाळी करावे, हा नियम पाळला गेला की नाही हे नोंदवहीतील वेळेवरून ताडता येते. कोरी वेळ किंवा सर्व रेतनांना एकच वेळ लिहिलेली असेल, तर ती नोंद संशयास्पद मानावी लागते.

चौथा प्रकार माणसांचा. कालपर्यंत ज्यांच्याबरोबर एकाच बाकावर चहा घेतला, त्यांना आज काम सांगावयाचे असते. त्यांच्यापैकी एखाद्याने याच पदासाठी अर्ज केलेला असतो. या प्रश्नाचे तयार उत्तर नसते. उमेदवाराने आपल्या अनुभवातील एखादा प्रत्यक्ष प्रसंग, त्यात घेतलेला निर्णय आणि त्याचा परिणाम सांगितला तर तो सर्वसाधारण विधानांपेक्षा अधिक विश्वासार्ह ठरतो. चुकलेला निर्णय सांगण्यासही हरकत नसते, मात्र त्यानंतर कोणती पद्धत बदलली हे सांगता आले पाहिजे.

पदोन्नतीला पर्यायी लाभ

वरिष्ठ पदे थोडी असल्याने अनेक कर्मचारी त्याच पदावर निवृत्त होतात. अशी कुंठितता कमी करण्यासाठी राज्यात १ ऑक्टोबर १९९४ पासून कालबद्ध पदोन्नती योजना लागू झाली. पुढे २००१ साली तिची जागा सेवांतर्गत आश्वासित प्रगती योजनेने घेतली. सातव्या वेतन आयोगानंतर २ मार्च २०१९ च्या शासन निर्णयाने १०, २० व ३० वर्षांच्या सेवेनंतर तीन लाभांची तरतूद झाली. हा लाभ वेतनाचा आहे, त्याने पद किंवा अधिकार बदलत नाही. तो मिळण्यासाठीही कर्मचारी पदोन्नतीस पात्र असावा लागतो, म्हणजे अहवाल व अर्हता यांची तयारी येथेही चुकत नाही.

मेळघाटासारख्या आदिवासी क्षेत्रात काम करणाऱ्या कर्मचाऱ्यांना ६ ऑगस्ट २००२ च्या शासन निर्णयानुसार एकस्तर वरिष्ठ वेतनश्रेणी मिळते. बोलीभाषेत तिला 'एकस्तर पदोन्नती' म्हणतात, परंतु ती त्या क्षेत्रातील सेवेपुरतीच असते आणि ज्येष्ठता यादीवर तिचा परिणाम होत नाही. क्षेत्राबाहेर बदली होताच वेतन पूर्ववत होते.

दाद मागण्याची व्यवस्था

पदोन्नती हा मूलभूत हक्क नाही, परंतु पात्र कर्मचाऱ्याचा पदोन्नतीसाठी विचार केला जाणे हा संविधानाच्या अनुच्छेद १६ खालील हक्क आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने अजित सिंग (दुसरे) प्रकरणात १९९९ साली म्हटले आहे. अमरावती व अकोला जिल्हा परिषदांतील कर्मचाऱ्यांसाठी प्रशासकीय पातळीवर विभागीय आयुक्त, अमरावती आणि न्यायालयीन पातळीवर मुंबई उच्च न्यायालयाचे नागपूर खंडपीठ हे मार्ग आहेत. थेट राज्य शासनाच्या आस्थापनेवरील कर्मचारी महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणाच्या नागपूर खंडपीठाकडे जाऊ शकतो.

मतभेद

पदविकाधारकांच्या संघटनांचे म्हणणे असे, की गावपातळीवरील बहुतांश सेवा हाच संवर्ग देतो, तथापि त्याला स्वतंत्र नोंदणी नाही आणि पुढील वाटही नाही. श्रेणी-२ चे दवाखाने श्रेणी-१ मध्ये रूपांतरित झाल्यास संवर्गाची पदे कमी होतील, अशीही त्यांची भीती आहे. या व अन्य मागण्यांसाठी २०२१ साली पशुधन पर्यवेक्षकांनी राज्यभर आंदोलन केले. पदवीधर पशुवैद्यकांची बाजू अशी, की रोगनिदान, प्रतिजैविकांचा वापर आणि शस्त्रक्रिया यांसाठी पदवीचे शिक्षण अनिवार्य आहे व त्यात सूट दिल्यास जनावरांबरोबरच मानवी आरोग्यालाही धोका पोहोचतो.

पशुपालकाच्या दृष्टीने हा वाद वेगळ्या रूपात समोर येतो. त्याला पदनामाशी कर्तव्य नसते, जनावर अडले असताना दारी कोणी येते की नाही याच्याशी असते. पदोन्नतीने पर्यवेक्षक तालुक्याच्या ठिकाणी गेला आणि मागील पद रिक्त राहिले, तर एका माणसाची प्रगती ही दहा-बारा गावांची गैरसोय ठरते. म्हणून पदोन्नतीबरोबरच रिक्त पद भरण्याची प्रक्रिया त्याच वेळी पूर्ण होणे, हे या संवर्गाच्या व्यवस्थापनातील महत्त्वाचे सूत्र मानले जाते.